टीचरम्मांचं टोपडं

"घाबरू नको पोरी, मी आहो ना." हे म्हणताना टीचरम्मांचा हात पिशवीत गेलेला असायचा आणि बाहेर यायचा तो टोपडं घेऊनच.

मावला गावच्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, त्याच्या फाटकाशी त्या उभ्या राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, गळ्यात क्रूस. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आणि मंगळवारी आमचं फाटक, हा त्यांचा नेम. पोट पाडायला आलेली बाई दिसली की तिला अडवायचं, हे त्यांचं काम.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याचे कपडे शिवत नाहीत. बायका टोपडं तिथंच टाकून पळत. आमचा वॉचमन त्या टोपड्यांनी स्कूटरचे आरसे पुसायचा. टीचरम्मा ते बघायच्या आणि पुढच्या मंगळवारी नवी शिवून आणायच्या.

एकदा वांकिडीकडची एक पोर आली. तिच्या हृदयाची झडप खराब होती. हे बाळंतपण झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तिला आणि नवऱ्याला समजावलं होतं. टीचरम्मा दुपारभर तिला बाकावर घेऊन बसल्या. मी बाहेर जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

"तिच्या पोटात बी जीवच हाये ना, सिस्टर?" त्या म्हणाल्या.

पोरीने टोपडं घेतलं आणि ती घरी गेली.

नवव्या महिन्यात तिला आणलं. मुलगा वाचला, पोर गेली. टीचरम्मा शेवटपर्यंत तिच्या उशाशी होत्या. शब्दाला जागल्या म्हणा.

सामान आवरताना सासूला ते टोपडं सापडलं. तिने ते टीचरम्मांच्या अंगावर फेकलं. "जल्माच्या आधी कापड घरात आनलं, म्हनून गेली माही सून." झडपेचं नाव कुणीच काढलं नाही.

टोपड्याचे बंद बोटाला गुंडाळत टीचरम्मा ढसाढसा रडल्या. मला त्यांची कीव आली. पाठीवरून हात फिरवायला गेले, तर म्हणाल्या, "खरं हाये तिचं, सिस्टर. टोपडं द्याले नव्हतं पाहिजे."

माझा हात तसाच मागे आला. भल्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मागच्या वर्षी टीचरम्मा गेल्या. लोक त्यांचं चांगलं बोलतात, बोलू देत. मला मात्र ती पोर गेली त्यानंतरचा मंगळवार दिसतो. पिशवी त्यांनी घरीच ठेवली होती. बाकावर दुसरी एक पिवळी पडलेली पोर बसली होती. टीचरम्मांचे हात आता मोकळे होते, म्हणून त्यांनी तिचे दोन्ही हात धरले होते.