दिगंबररावांनी टीव्ही तपासून घेतला

आमचे शेजारी दिगंबरराव तपासल्याशिवाय काहीही घेत नाहीत. त्यांना लांबून पाहिलं की मंडईतली दुर्गाबाई मटारावर गोणपाट टाकते, कारण अर्धा किलो घ्यायच्या आधी ते निम्मे सोलून बघतात. नारळ कानाशी हलवायचा, बल्ब दुकानातच लावायचा, पातेलं बोटाने वाजवायचं, ही त्यांची रीत. छत्तीस वर्षं विमा कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या. ती सवय काही पेन्शनीबरोबर सुटली नाही.

बारा वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीचं, ऋचाचं अमेरिकेत लग्न झालं. कचेरीत दोन सह्या, ना भटजी ना पंगत, तुम्ही एवढ्या लांब कशाला येता, असं तिने फोनवर सांगितलं होतं. पुढे तिकडून हेमावहिनींच्या नावाने लग्नाची डिस्क आली, ती नेमकी दिगंबररावांच्या हाती पडली. लावली, तर टीव्हीवर नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धावू लागल्या. तिकडची पद्धत वेगळी, आपल्या टीव्हीवर चालायची नाही, असं वहिनी म्हणाल्या. दिगंबररावांनी मात्र डिस्क देवघराशेजारच्या कपाटात जपून ठेवली. "सही करताना कशी दिसत होती, तेवढं एकदा बघायचंय," असं मला कितीदा तरी म्हणाले असतील. नवा टीव्ही घेऊ म्हटलं, की वहिनी म्हणायच्या, "आहे तो चालतोय की!"

गेल्या महिन्यात तो चालेनासा झाला. आम्ही दोघं दुकानात निघालो. त्यांच्या पिशवीत घरचा डिस्कप्लेअर आणि ती डिस्क.

"अहो, ती कशाला नेताय? बुरशी आली असेल," वहिनी दारातून म्हणाल्या.

"आली असेल तर कळेल."

दुकानातला विक्रेता म्हणाला, "सर, हा सगळं सपोर्ट करतो. फॉरेनचंसुद्धा."

"ते तुम्ही म्हणता. लावून दाखवा."

त्याने लावलं. भिंतीएवढ्या पडद्यावर मांडव दिसला, भटजी दिसले, पिवळ्या अष्टपुत्रीत ऋचा दिसली. दिगंबररावांचा चेहरा इतका उजळला, की मलाच भरून आलं. मग कन्यादान सुरू झालं. बापाच्या पाटावर आमोद बसला होता. आमोद म्हणजे दिगंबररावांचा धाकटा भाऊ, राहतो इथेच वारज्यात. शेजारी त्याची बायको दीपाली पाण्याची धार सोडत होती.

"आमोद तर तेव्हा ऑफिसच्या कामाला बंगळूरला होता," दिगंबरराव मला म्हणाले, जणू चूक टीव्हीचीच होती. मग एकदम पुढे झाले. "थांबवा. इथेच थांबवा."

आमोद नेसलेल्या रेशमी कदाच्या काठाला एक गोल भोक होतं. गणपतीच्या आरतीत कापूर पडून ते जळलं होतं. ती आरती आमच्याच घरची. कद दिगंबररावांचा, त्यांच्या लग्नातला. तो विरला म्हणून बोहारणीला दिला आणि पातेलं घेतलं, असं वहिनींनी सांगितलं होतं. ते पातेलं दिगंबररावांनी वाजवून पाहिलं होतं आणि पसंत केलं होतं.

का केलं असेल, ते मला ठाऊक आहे. जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा चहाच्या आधी यांनी त्याची मूळ पदवी आणि रक्ताचा रिपोर्ट मागितला. त्याची आई रडत उठून गेली. मी तिथेच होतो, हसलोही होतो. तरी त्या दुकानात मला संताप आला. जीभ फटकळ असली म्हणून काय बापाला लेकीच्या लग्नातूनच वगळायचं, आणि वर त्याचाच कद नेसायचा?

"रंग बघा सर, किती क्लिअर! पॅक करू?" विक्रेता म्हणाला. दिगंबररावांनी डिस्क काढून पिशवीत ठेवली.

घरी वहिनी चहा करत होत्या. "मिळाला का टीव्ही?"

"चांगला आहे. सगळं दाखवतो." त्यांनी फळीवरचं दुधाचं पातेलं उचललं, बोटाने वाजवलं. "हे कुठून आणलंस, हेमा?"

वहिनींनी गॅस बंद केला. 

"अहो, ऋचाने शपथ घातली होती मला."

"तिने घातली," दिगंबरराव म्हणाले. "बारा वर्षं पाळलीस तू."