आपल्या पायांनी चालत आलेला

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ब्रेनिक गावच्या शाळेत मार्लीस डोलेझल वीसेक वर्षं मुलांना रांधून घालत होती. चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा रोल असे त्या दिवशी मास्तरसुद्धा घरून डबा आणत नसत. नवरा वायोमिंगला तेलाच्या विहिरींवर गेला तो तिकडचाच झाला. त्याविषयी ती कुणाशी बोलत नसे. बोलायची ती वेसविषयी, विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात असलेल्या मुलाविषयी.

संघात म्हणजे, वेस आपल्या पायांनी चालत आलेला होता. विद्यापीठ ज्यांना बोलावून नेतं, ज्यांची फी भरतं, ते वेगळे. गावोगावची काही पोरं पदरमोड करून जातात, दारात उभी राहतात, मलाही घ्या म्हणतात. वेस त्यातला. आठवडाभर सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घ्यायचं, आपल्याच गड्यांच्या धडका अंगावर घ्यायच्या, आणि शनिवारी भरल्या स्टेडियमात कडेला उभं राहायचं. सामन्यात तो एकदाही मैदानावर उतरला नव्हता. ब्रेनिकला त्याचं काही वाटत नसे. पाद्रीबुवा प्रार्थनेनंतर आधी त्याच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करत.

अशा पोराच्या नशिबात एखादा दिवस असतो. कोच सगळ्यांना जमवतो, भलत्याच विषयावर बोलत राहतो आणि मध्येच म्हणतो, आजपासून याची फी आपण भरायची. मग सगळा संघ त्याच्या अंगावर कोसळतो. आईला गुपचूप बोलावून दाराआड उभं केलेलं असतं. असे व्हिडिओ मार्लीसने इतके पाहिले होते की त्यातल्या आया तिला नात्यातल्या वाटत.

म्हणून एप्रिलमध्ये सहायक कोच राउश याचा फोन आला तेव्हा तिने त्याचं बोलणं पुरतं ऐकलंच नाही.

"शुक्रवारी सकाळी येता येईल का, मिसेस डोलेझल? वेसला बोलावलंय. त्याला आधी काही सांगू नका."

"छे हो, मी कशाला सांगतेय!"

"तुम्ही जवळ असलात तर बरं. बाकी काही नाही."

त्याचा आवाज दाटला होता. वेसला संघात घेतलं तेव्हा हाच माणूस तिला भेटायला तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. आनंदाने भरून आलं असेल, तिला वाटलं.

शुक्रवारी भाऊ डेलने ट्रक काढला.

"तिथं रडू नकोस हं."

"तूच रडशील. वासराला सुई टोचताना रडतोस."

"वारं असतं तेव्हा डोळ्यांत धूळ जाते," डेल म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "संघातल्या त्या टेक्सासच्या नव्या पोराला दहा लाख डॉलर देतायत म्हणे. मिशी फुटली नाही अजून."

"देईनात का. त्यात आपल्या वेसचं काय जातंय?"

संघाची इमारत नवी होती. भिंतीभिंतीवर देणगीदारांची नावं. "मुतारीवरसुद्धा एकाचं आहे," डेल परत येऊन म्हणाला, "बिचाऱ्याला काय वाटत असेल." बैठकीच्या दालनात कातडी खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या होत्या. पोरं येतील आता, असं म्हणून मार्लीस दाराआड उभी राहिली आणि तिने फोन वर धरला. डेलने टोपी काढली.

वेस मान खाली घालून आला. दारात त्याने वर पाहिलं. आई, फोन, मामाची टोपी हातात. तेच व्हिडिओ त्यानेही पाहिलेले होते.

"आई?" त्याचा चेहरा उजळत गेला. "आई, खरंच?"

"मला काही विचारू नकोस!" ती हसत सुटली.

पलीकडच्या दारातून राउश आला. एकटाच. त्याने फोनकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं आणि भिंतीला हात टेकला.

"अरे देवा. मिसेस डोलेझल, मी तुम्हाला... तो एकटा गाडी चालवत घरी जाऊ नये म्हणून बोलावलं हो."

मग त्याने सांगितलं. विद्यापीठ आता खेळाडूंना पगार देणार. कोर्टात तशी तडजोड झालीय, आणि संघात किती जण ठेवायचे तो आकडाही तिथंच बांधून दिलाय. चालत आलेले बहुतेक सगळे जाणार.

"पण मी कधी पैसे मागितले, कोच?" वेस म्हणाला. "मी फुकट राहतो की."

"फुकट राहायचीच सोय उरली नाही, पोरा."

डेलने टोपी घातली.

परतताना ट्रकमध्ये तिघं एका बाकावर बसले, वेस मधे. खिडकीबाहेर सपाट, नुसतीच नांगरलेली जमीन सरकत होती. तिचा शेवट दिसत नव्हता आणि कुणी तो शोधतही नव्हतं.

"मला आधी कळायला हवं होतं रे," मार्लीस म्हणाली.

"मला कळलं होतं," वेस म्हणाला. "आठवडाभर पोरं बोलतच होती. मी मनाची तयारी करून आलो होतो, आई. दारापर्यंत तयारी होती. मग तू दिसलीस."