भूल देणार नाही

एमबीबीएस झालेल्या भाचीला भूलशास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायचंय म्हटल्यावर दादाचा फोन आला. "तुझ्याच नादानं बिघडली. येऊन समजाव तिला." मी सांगलीत भूलतज्ज्ञ. रविवारी आटपाडीला गेले.

चहा व्हायच्या आधीच दादा सुरू झाला. "दुसऱ्याच्या दवाखान्यात जाऊन सुई टोचायची, ह्यात काय फ्युचर हाय? पेशंटला तुजं नावबी ठावं नसतंय."

"खरं आहे," मी म्हणाले. भाचीचा चेहरा उतरला. मग मी त्या दोघांना मागच्या महिन्यातली गोष्ट सांगितली.

पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी लोणंदचे एक गृहस्थ आले होते. टेबलावर घेण्याआधी मी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय?" ते ओशाळून म्हणाले, "लय भूक लागली म्हणून आत्ताच पोहे खाल्ले." मी ऑपरेशन पुढे ढकला म्हणाले. सर्जन भडकले. "मॅडम, तुमचं काम झोपवायचं. बाकीचं मी बघतो."

"भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी फुप्फुसात गेली, तर तुम्ही काय बघणार? मी भूल देणार नाही."

"सांगलीत भूल देणारे काय कमी आहेत?"

"लावा फोन."

त्यांनी माझ्यासमोरच एकाला फोन लावला. पेशंट जेवून आलाय म्हटल्यावर त्यानंही नकार दिला. पेशंटची बायको माझ्यावरच चिडली, "आवं बाई, एवढी गाडी करून आलोय आमी!" तिच्याजवळ बसून समजावलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. भूल मीच दिली, आणि शुद्धीवर आल्यावर त्या गृहस्थांनी आधी चहा मागितला.

"मग त्या सर्जननं परत बोलावलं का?" दादानं विचारलं.

"नाही."

"बघ!"

"काय बघ? कराडपासून मिरजेपर्यंत दुसरे दवाखाने बोलावतात. परवा कराडला सिझेरियनला गेले होते. दादा, पाटी सर्जनची असू दे. पण मी नाही म्हटल्यावर चाकू चालत नाही. ह्याच्यापेक्षा मोठं फ्युचर मला नको."

भाची मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात पहिल्या पसंतीला भूलशास्त्र टाकूनच.

"मला इचारलं न्हाईस," दादा म्हणाला.

"न्हाई इचारलं," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.