चार शेजाऱ्यांचा कप

आम्ही कोल्हापूर सोडलं त्या दुपारी शहरात रिक्षा मिळाली नाही. दोन पेठांची फुटबॉलची फायनल होती. रिक्षा ओळीनं उभ्या होत्या, चालक स्टेडियममध्ये होते. बाबांनी एक बॅग स्कूटरवर पुढे घेतली, दुसरी मी एसटी स्टँडपर्यंत उचलून नेली. माझी बायको अनघा पासपोर्टची पिशवी पोटाशी धरून मागून चालत होती. बस सुटताना बाबा एवढंच म्हणाले, "पोचलास की कळव. स्कोअर मी कळवतो."

त्यांनी तो कळवला. आम्ही हरलो होतो.

मी तेव्हा एका दैनिकाच्या क्रीडा पानावर होतो. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडे पेठेपेठेत तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि बहुतेक मोठ्या तालमींची स्वतःची फुटबॉल टीम. बाकीचा महाराष्ट्र क्रिकेट बघत असतो तेव्हा आमच्याकडे पेठेवरून सोयरिकी अडतात.

अनघा भूलतज्ज्ञ आहे. तिला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली म्हणून आम्ही तिथे गेलो. शेजारी जीनबाई राहायच्या, निवृत्त बसचालक. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा चहाला बोलावलं तेव्हा टीव्हीवर इंग्लंडची मॅच चालू होती. इंग्लंडनं गोल केला आणि मी टाळ्या वाजवल्या. शेजारचा देश, एकच पंतप्रधान, एकच पासपोर्ट, असा माझा हिशोब.

"बाळा," जीनबाई म्हणाल्या, "चहा संपला असेल तर दार तिकडे आहे."

मग त्या हसल्या आणि माझा कप पुन्हा भरला. ही चूक इतर कुणी केली असती तर समजू शकलो असतो. पेठांच्या शहरातून आलेल्या माणसाला ती शोभत नव्हती.

त्या दिवशी जीनबाईंनी मला चार शेजाऱ्यांच्या स्पर्धेची गोष्ट सांगितली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड, पुढे आयर्लंडच्या जागी उत्तर आयर्लंड. दर मोसमात प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. युद्धांची वर्षं सोडली तर हे शतकभर चाललं. १९७७ साली स्कॉटलंडनं लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडला हरवलं, तेव्हा स्कॉटिश प्रेक्षक मैदानात घुसले, गोलपोस्ट मोडले आणि हिरवळीचे तुकडे कापून घरी घेऊन आले. जीनबाईंच्या नवऱ्यानंही एक तुकडा पिशवीत घालून आणला आणि मागच्या अंगणात लावला.

"मी त्याला पाणी घातलं नाही," जीनबाई म्हणाल्या. "इंग्लिश गवत. म्हटलं, बघू या कसं जगतं ते."

ते जगलं. मी अंगण पाहिलं. त्यातलं वेम्बलीचं कुठलं आणि ग्लासगोचं कुठलं, हे त्यांनाही दाखवता आलं नाही.

१९८४ मध्ये स्पर्धा बंद झाली. गर्दी घटली होती आणि इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन मोठ्या देशांना छोट्या शेजाऱ्यांशी दर वर्षी खेळण्यात रस उरला नव्हता. शेवटच्या वर्षी चारही संघांचे गुण सारखे झाले. गोलांच्या फरकावर उत्तर आयर्लंड जिंकलं आणि कप कायमचा त्यांच्याकडे गेला. "भांडण मिटलं नाही," जीनबाई म्हणाल्या, "भांडायची तारीख तेवढी गेली."

आमची मुलगी मुक्ता ग्लासगोत जन्मली, जीनबाईंच्या त्या अंगणात चेंडू मारत वाढली आणि शाळेच्या टीममध्ये लेफ्ट बॅक झाली. ती तेरा वर्षांची असताना अनघाला इंग्लंडमधल्या लीड्समध्ये कन्सल्टंटची पोस्ट मिळाली. ट्रेननं काही तासांचं अंतर. मी कोल्हापूर सोडलं त्या मानानं हे काहीच नव्हतं, असं मला वाटलं. मुक्ताला तसं वाटलं नाही.

"मी इंग्लंडमध्ये राहणार नाही," ती म्हणाली. "तो आपला टीम नाही आहे. तुम्ही दोघं जा. मी जीनकडे राहते."

ती धमकी नव्हती. तिनं जीनबाईंना विचारूनही ठेवलं होतं. अनघानं उत्तर कळवायचं लांबवलं. नाही म्हणायची तिची तयारी झाली होती. हे सगळं मी फोनवर आईला सांगितलं. बाबा आता नाहीत, स्कोअर तीच कळवते. ती म्हणाली, "पोरीला दे फोन."

स्पीकर चालू होता.

"मी लग्न होऊन पलीकडच्या पेठेतनं हिकडं आले," आई म्हणाली. "आडनाव बदललं. टीम कोण बदलतंय? तुझ्या आजोबांची टीम हरली की मी शिरा करायचे."

"आजोबा चिडायचे नाही?"

"चिडायचे की. पण शिरा सोडायचे नाहीत."

मुक्ता फोनकडे वाकली. "म्हणजे तिकडे जाऊन पण मी स्कॉटलंडची राहू शकते?"

"मग? काढून घ्यायला कोण येतंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं बॅग काढली. अनघानं लीड्सला होकार कळवला.

तुम्ही, गावाकडचे आणि आमच्यासारखे बाहेर पडलेलेही, विचारता की आता घर कुठलं. माझ्याकडे एका संध्याकाळचा वृत्तांत आहे. लीड्समधलं पहिलंच वर्ष, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. मुक्तानं नव्या शाळेच्या टीममधल्या चार मैत्रिणींना घरी बोलावलं. त्या सगळ्या इंग्लंडच्या पांढऱ्या जर्सीत, ही एकटी स्कॉटलंडच्या निळ्या जर्सीत. इंग्लंड जिंकलं. मुलींनी आमच्या सोफ्यावर उभं राहून गाणं म्हटलं. मुक्ता उठली, वर गेली आणि तिनं खोलीचं दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरची फ्रेम हलली.

मुली सोफ्यावरून उतरल्या. अनघा कुजबुजली, "घरी पाहुणे आहेत आणि हे काय वागणं?" होली नावाची मुलगी जिन्यात जाऊन ओरडली, "मुक्स, आमच्यात ये! अजून जागा आहे!"

"मेले तरी नाही!" वरून उत्तर आलं.

मुली हसत सुटल्या आणि धावत वर गेल्या. दार उघडल्याचा आवाज आला, मग पाचही जणींचं भांडण.

परक्या ठिकाणी माणूस हरला तरी हसतो, जिंकणाऱ्याचं अभिनंदन करतो, चहाबद्दल आभार मानतो. मी ग्लासगोत कितीतरी वर्षं तसाच वागलो. दार असं फक्त स्वतःच्या घराचं आपटता येतं.