मोरीतून वर येणारं पाणी

इतक्या वर्षांनंतरही कुणाची मोरी तुंबल्याचं ऐकलं की मला लातूरची ती सरकारी वसाहत आठवते. जिल्हा नवा झाला होता, क्वार्टर्स नव्या होत्या आणि पावसाने मात्र दगा दिला होता. मी तिथे फौजदार होतो.

एका सकाळी महसूल खात्यातला एक तरुण कारकून अर्ज घेऊन ठाण्यात आला. टँकर येऊन गेला की त्याच्या न्हाणीत मोरीतून घाण पाणी वर यायचं आणि दुपारी आपोआप उतरायचं. घरात बाळंतीण बायको होती.

ठाणे अंमलदार हसून म्हणाला, "हे नगरपालिकेचं काम हाय."

कारकून जागचा हलला नाही. "साहेब, आम्ही बौद्ध. त्या ओळीत आमचं एकच घर. आम्ही जावं म्हणून कुणीतरी मुद्दाम करून राहिलंय. अजून एकदा झालं तर बायकोला घेऊन गावी जातो, बदली मागतो."

मी अर्ज ठेवून घेतला. अंमलदाराचं हसणं मला आवडलं नव्हतं.

मिस्त्रीला बोलावून पाइपात बांबू घातला, तो आरपार गेला. राख आणि खरकट्याने तुंबलेली मोरी उपसल्याशिवाय मोकळी होत नाही. ही आपली आपण मोकळी होत होती, म्हणजे यात माणसाचा हात होता.

दोनच दिवसांत कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली. कारकुनाच्या शेजारचा कंपाउंडर टपरीवर म्हणाला होता, "बघू, हे लोक किती दिवस टिकतात." त्याला बोलावलं. संशयिताला मी आधी बाकावर नुसता बसवून ठेवत असे. निम्मी चौकशी तो बाकच करतो.

"बोललो साहेब," तो शेवटी म्हणाला, "पण मोरीला हात लावला न्हाई. लेकरांची आन."

पाणी वर आलं त्या प्रत्येक सकाळी तो दवाखान्यात कामावर होता, तशी साक्षही मिळाली. मला त्याचा मनस्वी राग आला होता, पण रागावर अटक करता येत नाही. जबाब घेऊन सोडून दिला.

पुढच्या वेळी टँकर आला तेव्हा मी साध्या कपड्यांत घरांच्या मागच्या बाजूला गेलो. सगळा माळ करपलेला, आणि एका क्वार्टरमागे कडवळाच्या चाऱ्याचा वाफा हिरवागार. शेजारी एक गाभण कालवड बांधलेली. तिथे राहणाऱ्या शिक्षकाचे वडील, गावाकडचे शेतकरी, सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण सारून पाइपाच्या तोंडाशी मातीचं पोतं दाबून बसवत होते.

"काय करून राहिलात, बाबा?"

"दारं धरून राहिलो," ते शांतपणे म्हणाले. शेतात पाटाचं पाणी अडवून वाफ्यात वळवतात, तसंच. "समदी जनावरं चारा छावणीत हायती. ही एकटीच हितं आणली. पाणी लई वाया जातंय. चेंबर भरलं की वाफ्यात उतरंल म्हनलं. दुपारी पोतं काढतो, कुणाला तरास नको."

मी त्यांना कारकुनाच्या घरी नेलं. ठेकेदाराने त्या न्हाणीची फरशी चेंबरच्या तोंडापेक्षा खोल बसवली होती. त्यामुळे चेंबर भरण्याआधी पाणी इथेच वर येई. बाळाच्या अंघोळीच्या पाटाभोवती काळं पाणी साचलं होतं. म्हातारबाबांचा चेहरा उतरला. त्यांनी धावत जाऊन पोतं काढलं आणि परत येऊन स्वतःच्या हाताने न्हाणी धुतली.

मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "बघा, कुणाच्या मनात वाईट नव्हतं."

बाळ घेऊन दारात उभी असलेली कारकुनाची बायको म्हणाली, "बाबांच्या मनात न्हवतं. पण ते कंपाउंडर बोलले, ते तर खरंच बोलले ना?"

उत्तर म्हातारबाबांनी दिलं. "माय, तू कुठं जाऊ नको. माझी कालवड व्याली की पैला चीक तुझ्या घरी."

अर्ज निकाली निघाला. गुन्हा कोणावरच दाखल झाला नाही. तिला बोचलं होतं ते मात्र आमच्या कुठल्याच कलमात बसत नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर 'मनात वाईट नव्हतं' हे वाक्य मी फार जपून वापरलं.

माझी बदली होण्याआधी एकदा त्या ओळीत गेलो. कालवड व्याली होती. कारकुनाच्या बायकोने त्या चिकाचा खरवस केला होता आणि म्हातारबाबा तिच्या उंबऱ्यावर बसून, साऱ्या ओळीदेखत, तो चवीने खात होते. कंपाउंडर आपल्या दारात उभा राहून बघत होता. तिने आणखी एक वाटी भरली आणि त्याच्या दारी नेऊन ठेवली.