पंचविसावी बिडी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत. अंगात येणं, उतारा टाकणं असले विषय कोणी काढले की आई त्याला उभंसुद्धा करायची नाही. तरी २०१२ साली जे झालं, ते झालं... जसंच्या तसं सांगतो.

मी गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीचा. लग्नाच्या डीजेवर वायरी गुंडाळता गुंडाळता वेड लागलं, जुना कॉम्प्युटर घेतला आणि घरीच इलेक्ट्रॉनिक ट्रॅक बनवू लागलो. हट्ट एकच — तयार आवाज वापरायचे नाहीत. राईस मिलचा पट्टा, रेल्वे फाटकाची घंटा, जे लागेल ते स्वतः रेकॉर्ड करायचं.

आई बिड्या वळायची. बिडीचं तोंड बंद केलं की ती सुपाच्या काठावर एकदा ठोकायची — टक्. मला तो आवाज फार आवडायचा. एका दुपारी तिच्यासमोर माईक ठेवला. चोवीस टक् झाले की मी रेकॉर्डिंग बंद करायचो.

"चोवीस काऊन? कट्टा पंचवीसचा रायते."

"चाराच्या तालात चोवीस बसते, आई. तू बांध, मी बंद करून राहिलो."

"असा अर्धा सोडलेला कट्टा कोणी घेते का?" ती खरंच चिडली होती.

कट्टा म्हणजे पंचवीस बिड्यांची जुडी. पंचविसावी झाली की आई धागा गुंडाळून दातानं तोडायची. तो आवाज मी एकदाही घेतला नाही. माझ्या मशीनमध्ये तो कधी नव्हताच, एवढं लक्षात ठेवा.

त्याच वर्षी पावसाळ्यात आई काविळीनं गेली. तिच्या टक्-टक्वर मी बांधलेला ट्रॅक दिवाळीनंतर पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं मागितला. माझी पहिलीच संधी. अट इतकीच की ताल कुठे तुटायला नको.

सॉफ्टवेअरमधून ट्रॅकची तयार फाईल काढली, ऐकली. शेवटाला चोवीस टक्... आणि पंचविसावा! त्यामागे धागा ताणल्याची सरसर, मग बारीकसा कट्. पडद्यावर आवाजाची लाट दिसते, पण त्या जागी नुसती सरळ रेघ. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. गोंदियात मित्राच्या कॉम्प्युटरवर नव्यानं फाईल काढली. तेच. मित्र म्हणाला, "भाई, तूने ही डाला होगा, भूल गया." मलाही तसंच वाटलं असतं, पण टाकणार कुठून?

तिरोड्याहून मावशी आली होती. तिला काही न सांगता हेडफोन लावून दिले. शेवटाला तिनं हेडफोन कानांवर दाबून धरले.

"हे त बाई आहे. कट्टा बांधून राहिली... दातानं तोडते पाह्य धागा." आईला ती 'बाई'च म्हणायची. आणि ती रडायला लागली. मीही रडलो, लाज कसली.

तयार फाईलची शेपटी छाटणं सोपं होतं. छाटली. ट्रॅक गोळीसारखा सरळ झाला, कंपनीला हवा तसा. ईमेल लिहिला, फाईल जोडली... आणि बटण दाबलं नाही. एकदा तिला अर्ध्यात थांबवलं होतं, दुसऱ्यांदा थांबवणार नव्हतो. पूर्ण फाईल पाठवली. कंपनीनं नकार दिला. डीजेवाला मालक म्हणाला, "पागल आहेस का बे?" असेन. ट्रॅक मीच इंटरनेटवर टाकला, तेव्हापासून सगळं स्वतःच टाकतो, आणि कोणाच्या सांगण्यावरून ताल बदलत नाही.

त्यानंतर त्याच रेकॉर्डिंगवरून मी मुद्दाम कितीतरी वेळा नवी फाईल काढून पाहिली. दरवेळी चोवीस. पंचविसावा परत आला नाही.

कोणाकडे तांत्रिक कारण असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. मला अजून सापडलेलं नाही. आईचा फोटो आहे, सूप आहे. आणि त्या पहिल्या फाईलमध्ये तिनं दातानं धागा तोडल्याचा आवाज आहे, जो मी कधी रेकॉर्ड केलाच नव्हता.