ओढ्यापलीकडची मतं

"अण्णा, औंदा वाडा हलवावं म्हणतो."

एवढं बोलून तो उजव्या खांद्यावरचं घोंगडं डाव्या खांद्यावर टाकायचा. परक्या माणसाला वाटावं, ह्याची मेंढरं कुठंतरी रानात बसलीत आणि तिथला चारा संपला. तसं काही नव्हतं. मेंढरं त्याच्या बापानंच विकून टाकली होती. वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम, आणि तो हलवायचा म्हणजे ह्याच्या भाषेत पक्ष बदलायचा. निवडणूक आली हे आम्हाला टीव्हीच्या आधी त्याच्या घोंगड्यावरून कळायचं.

गाव त्याला मामा म्हणायचं. औराद तालुक्यात आमचं गाव, गावाला लागून ओढा आणि ओढ्याच्या पलीकडं धनगरांची वस्ती. तिथला हा मोठा माणूस. शेत माझ्या शेताला लागून, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ गाठ पडायचीच. मी शिकलो दुसरीपर्यंत, पण एकदा ज्या चिन्हावर शिक्का मारला त्यावरच मारत आलो. आता शिक्का जाऊन बटण आलं तरी बटण तेच. ह्याचा मला अभिमान आहे आणि तो राहणारच. तेव्हा मामाची आणि माझी बांधावर काय जुंपत असेल ते तुम्हीच समजून घ्या.

त्याच्या घरात सगळ्या पक्षांची उपरणी होती. वैनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ती वाया घालवली नाहीत. एकाचं दारात पायपुसणं केलं, एकानं चुलीवरची पातेली उतरवायची. आमच्या पक्षाचं मात्र भाकरीच्या टोपल्यात अंथरलेलं होतं. ते बघून मला बरं वाटलं. मी तसं बोललोही. वैनी म्हणाली, "त्याचा रंग जात न्हाई भावजी, म्हणून."

माणसं निवडणुकीच्या तोंडावर पक्ष का बदलतात, ह्यावर शिकलेले लोक टीव्हीवर तासतास बोलतात. त्यांनी आमच्या गावात यावं. एकानं बदलला, कारण पुढाऱ्याच्या घरच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव छापलं नाही. एकाचा भाऊबंद त्याच्याच पक्षात आला, म्हणून हा बाहेर पडला. एकाला तर का बदलला ते सांगताच येईना, पण बदलल्यापासून झोप चांगली लागते म्हणाला. मामाचं कारण एकच होतं आणि ते वस्तीपुढून वाहत होतं.

ओढा तसा उन्हाळ्यात बघाल तर म्हणाल, ह्याला काय घाबरायचं. पोरं त्यात क्रिकेट खेळायची. पण पाऊस लागला की वस्ती तिकडं आणि गाव इकडं. दवाखाना इकडं, रेशन इकडं, बस इकडं. मामाची नात औरादला कॉलेजात होती, म्हणजे पावसाळा सोडून होती. पावसाळ्यात ती पलीकडच्या काठावर दप्तर घेऊन उभी राहायची आणि बस निघून गेली की घरी जायची. बायकांना बस फुकट झाली तेव्हा सगळ्या गावात आनंद झाला. वैनी म्हणाली, "बस फुकट हाय, पर बशीपत्तर जायला वाट कुठंय?"

तर मामाला हवा होता पूल. मोठा नको, नळ्या टाकून वर मुरूम दाबला तरी चालेल. जो पक्ष पूल देतो म्हणेल, त्याच्याकडं तो वाडा हलवायचा आणि वस्ती त्याच्या मागं जायची. पहिल्या पक्षानं मोठमोठे दगड आणून टाकले. निवडणूक झाली, दगड राहिले. मग दुसऱ्यानं सिमेंटच्या नळ्या आणल्या, त्यात कुत्र्यांनी पिलं घातली. नंतर एकदा तो आमच्या पक्षात आला. त्या दिवशी मी स्वतः त्याला पेढा भरवला. आमच्या पुढाऱ्यानं नारळ फोडला आणि काळ्या दगडाची कोनशिला बसवली, सगळ्यांची नावं कोरून. बस्स, तेवढंच. पण दगड चांगला होता, हे मी आजही सांगतो.

एकदा मी बांधावर त्याला म्हणालो, "मामा, तुझ्या मताला काय बूड हाय का? माझ्याकडं बघ जरा."

"बघायलोय की," तो म्हणाला. "तुझ्या गल्लीत नाली कवा झाली, अण्णा?"

मी तुरीकडं बघत राहिलो.

"तुझं मत कुठं जातंय ते सगळ्यांला ठावं हाय. तुझा पक्ष म्हणतो, हे आपलंच हाय, ह्याला कामून द्यावं? समोरचा म्हणतो, हे आपलं न्हाईच, ह्याला कामून द्यावं? माझ्या दारात दोघंबी चहा पिऊन जातेत. दगड आले, नळ्या आल्या. एका जागी बसलो असतो तर दगडबी आला नसता."

आमच्या गल्लीत नाली नाही हे खरं आहे. पण मी ते त्याच्यापुढं कबूल केलं नाही. नाली म्हणजे काय सगळं नसतं.

मग मागची लोकसभा आली. आमच्याकडं रीत अशी, की वस्तीवर बिरप्पाचं देऊळ आहे आणि तिथला भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून दिलेला शब्द फिरवायचा नाही. हे पुढाऱ्यांना पक्कं माहीत. ते आले की आधी देवळात जायचे, थोरल्या माणसांकडून भंडारा उचलून घ्यायचे आणि निश्चिंत होऊन जीपमध्ये बसायचे. मामानं दर वेळी भंडारा उचलला होता आणि दर वेळी त्या निवडणुकीपुरता शब्द पाळला होता. हे मात्र मला मानावं लागेल.

ह्या वेळी एका पक्षाचे कार्यकर्ते आले तसं मामानं भंडाऱ्याचं ताट त्यांच्याचकडं फिरवलं. मी गंमत बघायला गेलो होतो, त्यामुळं हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

"दर बारीला आमी उचलतो. औंदा तुमी उचला," तो म्हणाला. "पूल करतो म्हणून उचला. निवडून आलो तर, असं म्हणायचं न्हाई. नुसतं करतो म्हणायचं."

आता तुम्ही त्या लोकांची तोंडं बघायला पाहिजे होती. एकाला फोन आला. एक म्हणाला, वर विचारावं लागेल. मामानं वर देवाकडं बोट केलं आणि विचार म्हणाला. दुसऱ्या दिवशी आमच्या पक्षाचा माणूस आला, तो लघवीला म्हणून देवळामागं गेला आणि तिकडूनच जीपमध्ये जाऊन बसला. शेवटी तिसऱ्या पक्षाचा एक तरुण आला, औरादचा, नवा पांढरा शर्ट घातलेला. त्याला वाटलं असेल, ह्यात काय अवघड आहे. त्यानं मूठभर भंडारा उचलला आणि करतो म्हणाला. मामानं त्यातला थोडा त्याच्या कपाळाला लावला आणि उरलेला त्याच्याच खिशात ओतला. खिसा पिवळा झाला. पोरगा हसला.

वस्तीनं त्याच्या पक्षाला मतं दिली आणि त्याचा उमेदवार पडला.

मी सोडतो होय? हॉटेलात सगळ्यांसमोर विचारलं, मामा, ह्या वेळी वाडा पार उपाशी रानात नेलास की. तो म्हणाला, "उमेदवार पडलाय. भंडारा पडला न्हाई." सगळे हसले. तो हसला नाही. चहा अर्धा ठेवून उठला.

पुढं तो हॉटेलात येईनासा झाला. वस्तीवरचे लोक त्याला बोलू लागले होते. निवडून आलेल्याच्या मागं गेलो असतो तर निदान तोंड घेऊन जाता आलं असतं, तुझ्या हट्टापायी मतं पाण्यात गेली, असं. आभाळ भरून यायला लागलं. नातीनं आजीजवळ सांगितलं, की औंदा फी भरू नका, मी घरीच राहते. हे मला वैनीनं बांधावर सांगितलं. मामा शेजारीच होता. त्यानं खांद्यावरचं घोंगडंही हलवलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्याला चिडवावंसं वाटलं नाही.

आणि एके सकाळी ओढ्यावर ट्रॅक्टर आला, मागं जेसीबी. त्यातून तोच औरादचा पोरगा उतरला, तोंड पाडून. मामानं विचारलं, काय झालं रे बाबा. तो म्हणाला, "आईनं तो शर्ट धुवू दिला न्हाई, मामा. देव्हाऱ्यापुढं टांगून ठेवलाय. जेवायला बसलं की समोर दिसतोय. ती म्हणती, निवडणूक हरलास ते लोकांत, इथं हरू नकोस."

काम सुरू झालं. दुसऱ्या पक्षाच्या नळ्या टाकल्या, पिलं आधीच मोठी होऊन गेली होती. पहिल्या पक्षाचे दगड दोन्ही अंगाला रचले. मुरूम पोरानं आणला, माणसं वस्तीची. राहिली आमची कोनशिला. ती कडेला पायरी म्हणून बसवायची ठरली. नावं वर ठेवायची का खाली, ह्यावर माझी आणि वस्तीवाल्यांची जुंपली. मी म्हणालो खाली, आमच्या पुढाऱ्याच्या नावावर पाय पडायचे. मामा म्हणाला, "वरच राहू दे, अण्णा. तुझ्या पक्षानं काय केलं ते लोकांला दिसू दे तरी." पायरी नावं वर करूनच बसली.

त्या पावसाळ्यात मामा शेतात कमी आणि पुलावर जास्त. वरच्या रानातून पाण्याबरोबर काटक्या, तुराट्या, बाभळीच्या फांद्या यायच्या आणि नळ्यांच्या तोंडाला अडकायच्या. हा घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन काठावर बसायचा आणि आकडी लावून एकेक फांदी ओढून काढायचा. नात पुलावरून निघाली की मान वळवून ती बशीत चढेपर्यंत बघायचा आणि परत पाण्याकडं. मी एकदा म्हणालो, आता तरी सांग, पुढच्या बारीला कुठं? तो म्हणाला, "आता हितंच. ह्या पोराचा पक्ष बुडाला तरी हितंच." म्हणजे जन्मभर पूल देतो म्हणणाऱ्यांच्या मागं पळाला आणि शेवटी हरलेल्याजवळ बसला. मी त्याला म्हणालो, तू आता माझ्यासारखा झालास. त्याला ते आवडलं नाही.

थंडीत तो गेला. दोन दिवस छाती भरली, औरादला नेला आणि परत आणला, त्याच पुलावरून.

ह्या वर्षी पहिला मोठा पाऊस झाला, तशी सकाळी मी ओढ्यावर गेलो. नळ्यांची तोंडं बुजली होती आणि पाणी पुलावरून चाललं होतं. वस्ती पलीकडं उभी, आम्ही अलीकडं उभे. मामाची नात दप्तर घेऊन काठावर. औरादचा पोरगा मोटारसायकल लावून माझ्या शेजारी उभा होता. कोण काय करणार, असं सगळेच एकमेकांकडं बघत होते. हे बघायचं काम आजवर एकाच माणसाचं होतं, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून वैनी लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि तिनं एक बाभळीची फांदी धरली. ती काही तिच्यानं निघेना.

"भावजी," ती ओरडली, "पक्ष बघून येणार हाव का तुमी?"

मी धोतर वर खोचलं. पोरगा माझ्या आधी उतरला होता. फांदीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या हातात, काटे दोघांनाही. ओढली तशी नळीनं मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि पुलावरचं पाणी उतरायला लागलं. नात थोडी थांबली, मग चपला घालूनच पुलावरून आली. बसवाला हॉर्न वाजवत होता. आम्ही दोघं खाली कमरेएवढ्या पाण्यात फांदी धरून, ती चढेपर्यंत तिकडंच बघत राहिलो.